दह्याचा थेंब

शाळा उघडली की आमच्याकडे पुस्तकांना कव्हरं घालायचा एक दिवस असे. खाकी कागद विकत आणायची पद्धत घरात नव्हती. बाबा चिखलीच्या बियाण्याच्या दुकानातून शेतीची जुनी मासिकं मागून आणत आणि त्यांच्या गुळगुळीत मुखपृष्ठांत मी पुस्तकं गुंडाळत असे. एका वर्षी माझा भूगोल मुऱ्हा म्हशीच्या पोटात होता आणि इतिहासावर फवारणीचा पंप होता. चित्र नीट पाहायची सवय मला त्या कागदांनी लावली. पुढे घरातली पहिली पदवीधर झाले, चिखलीतच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. माझ्या शाळेचे, आणि ती मासिकं फुकट देणाऱ्या दुकानदाराचे, माझ्यावर उपकार आहेत.

मी आठवीत असताना अशाच एका मासिकावर माय आली. आईला आम्ही मायच म्हणतो. बीटी कापूस आमच्या भागात नवा होता. बियाणेवाल्यांची गाडी गावात यायची, त्या वेळी एकदा मासिकाचा फोटोवालाही आला. दिवस सीतादहीचा होता. कपाशी फुटली की वेचणी सुरू करण्याआधी घरची बाई वावरात जाते, एका झाडाखाली देवी म्हणून पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात ठेवते आणि झाडांवर दही शिंपडते. कापूस दह्यासारखा पांढरा पिकू दे, असं मागणं असतं. मायच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. दही शिंपडताना एक थेंब उडून तिच्या गालावर बसला होता. तेवढ्यात फोटो निघाला.

अंक एकच आला. मी त्याचं मुखपृष्ठ बीजगणिताच्या पुस्तकाला घातलं, माय बाहेर दिसेल असं. वर्गात मिरवली. वर्ष संपल्यावर पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलीला द्यायची रीत होती, तशी दिली, कव्हरासकट. घरी आल्यावर मायनं विचारलं, "अन् माहा फोटो?" मी पळत परत गेले, पण ती मुलगी मामाच्या गावी निघून गेली होती. तिनं ते पुस्तक परत कधी आणलं नाही.

तेव्हापासून घरी कोणी पाहुणा आला की माय सांगते, "हे माही पोरगी. लई शिकली. शिकता शिकता माह्यं तोंड देऊन आली कोनाले तरी."

ते तोंड परत आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

दोनेक वर्षांपूर्वी एका संस्थेनं जुन्या मराठी पुस्तकांची आणि मासिकांची मुखपृष्ठं इंटरनेटवर ठेवली. तास नसला की मी स्टाफरूममध्ये मोबाइलवर ती पाहत बसे. हातानं काढलेली अक्षरं, दोनच रंगांत छापलेली चित्रं, दिवाळी अंकांवरच्या पणत्या. शेतीची मासिकंही होती, पण विस्कळीत. मायचा अंक शोधता शोधता एकदा वेगळंच मुखपृष्ठ समोर आलं. शहरातल्या एका मासिकाचा, शेतकरी आत्महत्यांवरचा विशेषांक. काळ्या पार्श्वभूमीवर एका बाईचा राखाडी चेहरा. कपाळ मोकळं, गळा मोकळा. गालावर एकच चमकता अश्रू. खाली संग्रहाची ओळ: "विदर्भातील शेतकऱ्याची विधवा."

मला ते फार आवडलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण आवडलं. मी बदाम दाबला. खाली प्रतिक्रिया लिहिली, "एका थेंबात सगळं आलं." दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गाला ते दाखवून कलेतला संयम म्हणजे काय यावर अर्धा तास बोलले. मुलं गंभीर झाली होती. एका मुलीनं डोळे पुसले, तेव्हा मला आपण चांगलं शिकवल्यासारखं वाटलं.

मायचं मुखपृष्ठ त्यानंतर महिन्याभरानं सापडलं. हिरवं वावर, पांढरीशुभ्र बोंडं, मधे माय. मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. मग तिचा चेहरा मोठा करून पाहिला. हनुवटीवरचे तीन ठिपके. गालावर दह्याचा थेंब.

तो थेंब मी आधी पाहिला होता.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तीच मान, तेच किलकिले डोळे. उन्हानं किलकिले झालेले. कोणीतरी निवांत बसून तिचं कुंकू खोडलं होतं. पोतेचा एकेक मणी पुसून तिथे गळ्याची कातडी भरली होती. गोंदण ठेवलं, कारण ते खेडवळ दिसतं. आणि दही ठेवलं. दह्याला खालून जरा चकाकी दिली की झाला अश्रू. माझे बाबा त्या दिवशी फोटोवाल्याच्या मागे बैलाचा कासरा धरून उभे होते.

कुंकवावाचून मी मायला ओळखलंच नव्हतं. मी उठून मोरीशी गेले आणि तोंड धुतलं. त्या चित्राखालच्या प्रतिक्रिया परत वाचल्या. "काय नजर आहे!" "हा अश्रू झोपू देत नाही." आमच्या भागात खऱ्या विधवा काय थोड्या होत्या? त्यांच्या दारात जाऊन बसायचा, त्यांना विचारायचा कंटाळा. म्हणून एका नांदत्या बाईचं कुंकू पुसायचं. आणि बघणाऱ्यांनी त्यावर बदाम टाकायचे. त्यांत सगळ्यांत वर माझीच प्रतिक्रिया होती. सर्वांत जास्त बदाम तिलाच होते. मी ती खोडायला गेले. खोडायची सोयच तिथे नव्हती.

रविवारी अमडापूरच्या गाडीनं गावी गेले. मायला फक्त पहिलं चित्र दाखवायचं ठरवलं होतं. ते मी दाखवलंही. पण तिचं बोट स्क्रीनवर सरकलं आणि दुसरं पुढे आलं. मी मोबाइल घ्यायला गेले तर तिनं हात मागे नेला.

"हे कोन व्हय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या प्रतिक्रियेसकट.

बाबा ओट्यावर हरभऱ्याचं बियाणं निवडत होते. ते म्हणाले, "म्हन्जे मी मेलो? कधी? मले काऊन नाई कळवलं?"

"चूप बसा," माय म्हणाली.

"काऊन चूप बसू? तेरवीचं जेवन तरी द्यायचं."

मला हसू आलं, मायला आलं नाही. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "अन् हे काय गालावर?"

"अश्रू दाखवलाय."

"दही हाय ते!" तिनं ओट्याच्या खाली थुंकी टाकली. "देवीचं दही. त्याचं रडनं केलं मुडद्यायनं."

मग तिनं बोटानं पहिलं चित्र परत पुढे आणलं. माझी समजूत अशी की ती कुंकवाचं मनाला लावून घेतेय. मी म्हटलं, "माय, पहिला फोटो तरी चांगला आहे. त्याची मोठी प्रत काढून आणते. फ्रेम करू."

"नको."

"काऊन?"

"ते वावर आपलं नाई."

हे मला कधीच माहीत नव्हतं. आमचं वावर कोरडवाहू. फोटोवाल्याला आमची बोंडं लहान वाटली. म्हणून त्यानं मायला शेजारच्या चाचांच्या विहिरीच्या वावरात उभं केलं, आणि सगळं तिथे मांडायला लावलं: पाच खडे, हळदकुंकू, दहीभात. घरातलं दही तेवढंच होतं. ते सगळं चाचांच्या कपाशीवर शिंपडून झालं.

"आपल्या वावराले त्या साली दही भेटलं नाई," माय म्हणाली. "मंग कपाशीवर लाल्या रोग आला. सगळं वावर लाल झालं. चाचाचा कापूस घरात मायेना. चाचा अजून म्हनते, भाभी, तुमची देवी माझ्याकडंच राहून गेली."

"लाल्या तं साऱ्यायच्या कोरडवाहूवर आला होता," बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मले मालूम हाय. पन म्या आपलं दही दुसऱ्याच्या वावराले देल्लं, फोटोसाठी. हे बी खोटंच हाय." तिनं दोन्ही चित्रं एकेकदा पाहिली. "एकात नवरा नाई, एकात वावर नाई."

ज्या चित्रासाठी मी इतकी वर्षं अपराधी वाटून घेतलं, ते तिला परक्याच्या हाती नको होतं, पण भिंतीवरही नकोच होतं. आणि तिनं कधी तसं सांगितलं नव्हतं, कारण मी ते वर्गात मिरवलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिथं लिहता येते ना? तू लिहलं तसं?"

"येतं."

"मंग लिही. मी सांगतो तसं लिही. शाळेतलं नको लिहू."

तिनं सांगितलं आणि मी शब्द न बदलता टाइप केलं: "हे बाई जित्ती हाय. तिचा नवरा बी जित्ता हाय. तिचं कुकू तुमी पुसलं, ते लावून द्या. गालावर दही हाय, आसू नाई. अन् पयल्या फोटोतलं वावर तिचं नाई."

"माह्यं बी टाक," बाबा म्हणाले. "नवरा सध्या हरभरा पेरून राह्यला."

तेही टाकलं. "तपासणीनंतर दिसेल" असं उत्तर आलं.

तीन आठवड्यांनी दिसलं. संस्थेनं आभार मानले होते, मौल्यवान माहितीबद्दल. प्रतिक्रियेचं एकच वाक्य उरलं होतं, तेही शुद्ध करून: "छायाचित्रातील शेत या महिलेचे नाही." चित्राखालची विधवेची ओळ तशीच होती. सगळ्यांत वर माझा थेंब होता, न कापलेला.

त्या रविवारी मायनं विचारलं, "आलं का माह्यं लिहेलं?"

मी वाचून दाखवलं.

"बाकीचं कुठी गेलं?"

"कापलं त्यांनी."

"कापतीनच. हात बसला हाय त्यायचा." ती दह्याचं गाडगं शिंक्यावर ठेवत होती. ते नीट बसलं का ते तिनं हलवून पाहिलं, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"परत लिही," ती म्हणाली. "पयल्यापासून."