वैजनाथरावांची तात्पुरती व्यवस्था

वैजनाथराव पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं बाबू होते, आणि त्यांना एकाच शब्दाची चीड होती: तात्पुरतं. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं कपाट बारा वर्षं दारात आडवं, तात्पुरता म्हणून आलेला साहेब निवृत्त होईपर्यंत तिथंच. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घरी तरी ही ब्याद सुटली असं त्यांना वाटत होतं. वाटायला काय जातं हो!

मागच्या ऑक्टोबरात जुन्या लॅपटॉपनं मान टाकली, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतः त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं. चार दिवस कॉलनीभर मिरवले. आणि तेव्हापासूनच त्यांच्या पत्नी पद्मजाबाई लेकीशी बोलेनाशा झाल्या.

त्याचं असं की, पद्मजाबाईंना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र नुसता कल्ला करतं, म्हणून त्या ओठ वाचतात. मोबाइलवर ओठ इवलेसे दिसतात, तेव्हा बंगळुरूच्या चारुताचा रविवारचा व्हिडिओ कॉल लॅपटॉपवरच घ्यायचा. पण आता चित्र अडखळायला लागलं, मध्येच लेकीचा चेहरा थिजायचा. चार रविवार बाईंनी डोळे ताणून पाहिलं. पाचव्या रविवारी "तुम्हीच बोला, मला पोळ्या करायच्यात" म्हणत आत गेल्या. दुपारी चारला कसल्या आल्यात पोळ्या! वैजनाथराव चारुताला 'आई कामात आहे' एवढंच सांगायचे. त्यांनी इंटरनेट बदललं, लॅपटॉप कूलरसमोर ठेवला. पण ना लॅपटॉपच्या पंख्याची घरघर थांबेना ना चित्र सुधारेना. असे आठ महिने गेले.

शेवटी त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या गोकुळला बोलावलं. गोकुळ मूळचा खुलताबादचा, घरी शेती, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं एक कमांड टाइप केली, उत्तर वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, ह्याच्यात ग्राफिक्सची चिप हाय, चांगली धडधाकट हाय. पण तिला कामाला लावणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, त्योच चालू नाय. समदी चित्रं एकटा प्रोसेसर काढतोय."

"म्हणजे नकाशे काढायला ठेवलेला ट्रेसर बसून पगार खातोय, आणि ते बडे बाबू काढताहेत?"

"व्हय, तसंच! लिनक्स बसवताना काय केलतं तुम्ही?"

नोंद केल्याशिवाय वैजनाथराव खिळाही ठोकत नाहीत. त्यांनी रजिस्टर आणलं. चौदा ऑक्टोबर, लाल शाईत: 'स्क्रीन काळी. इंटरनेटवरील सल्ल्यानुसार सुरुवातीच्या सेटिंगमध्ये नोमोडसेट हा शब्द घातला. स्क्रीन आली. व्यवस्था तात्पुरती. नंतर काढणे.'

"ह्योच तो!" गोकुळ ओरडला. "ह्यो शब्द ड्रायव्हरला दारातच अडवतोय!"

वैजनाथरावांनी लाल शाईतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "अरे देवा. म्हणजे हिला लेकीपासून मीच तोडलं की रे."

"असं कसं काका, तवा गरज व्हती. आता नवे अपडेट आलेत. बहुतेक चालंल."

"बहुतेक? आणि पुन्हा काळी पडली तर? आहे तेही जाईल!"

"आधी एकदाच काढून बघू. नाय जमलं तर बंद करून चालू करायचं, जुनं जसंच्या तसं."

लॅपटॉप सुरू झाला. स्क्रीन काळी. वैजनाथरावांनी डोळे गच्च मिटले. मग गोकुळनं दंडाला धरून हलवलं, आणि पाहतात तर स्क्रीन लख्ख! व्हिडिओ लावला, पाण्यासारखा सरसर चालला. घरघर बंद. गोकुळनं तो शब्द सेटिंगमधून कायमचा खोडला. वैजनाथरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्याला मिठीच मारली.

पद्मजाबाईंना हाताला धरून आणून बसवलं आणि कॉल लावला. चारुता दिसली. सवयीनं ती आईकडे न बघता बापाशीच बोलायला लागली.

"बाबा, आई कशी आहे? हल्ली माझ्याशी बोलायचंच नसतं तिला. माझं काही चुकलं का हो?"

वैजनाथराव तोंड उघडणार, तोच शेजारून उत्तर गेलं.

"तुझं काय चुकणार गं? मला तुझे ओठच दिसत नव्हते, बाळा."

 चारुतानं कॅमेरा जवळ ओढला, डोळे पुसले आणि आईकडे बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली.

"सावकाश नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "भरभर बोल. आठ महिन्यांचं राहिलंय."