दत्ताबाबांची खाण आणि पायथ्याची रुक्मिण

खाणीच्या ऑफिसात काम केलेल्या माणसाला किस्से सांग म्हणावं लागत नाही, थांब म्हणावं लागतं. गोव्यात डिचोलीजवळच्या एका छोट्या लोखंडाच्या खाणीवर मी टाइमकीपर होतो. ट्रक किती वाजता गेला, किती वाजता आला, एवढंच लिहायचं. उरलेला वेळ माणसं बघण्यात जायचा, आणि बघण्यासारखा माणूस म्हणजे आमचे मालक, दत्ताबाब. अजूनही जुने चौघे भेटले की कोणीतरी म्हणतंच, "दत्ताबाबांचा तो सांग रे!"

आता आधी रुक्मिण सांगायला हवी. विधवा बाई. खाणीच्या पायथ्याशी तिचं घर, मागे पोफळींचं छोटं कुळागर. खाण वाढत वाढत तिच्या माथ्यावर आलेली. ती तिथे टिकणार की उठणार, हा आमच्या ऑफिसातला कायमचा विषय. मॅनेजर नाईक म्हणायचे, "आज ना उद्या उठेलच." ती म्हणायची, "हांव हांगाच मरतलीं." इथून ती मेल्यावरच हलणार होती.

एकदा ती ऑफिसात आली आणि धुऊन वाळत घातलेलं पांढरं लुगडं तिने टेबलावर पसरलं. खाणीच्या धुळीने तांबडंलाल! नाईक म्हणाले, "आगे, खाण म्हटल्यार धुल्ल आसतलीच." मी हसलो. दत्ताबाब हसले नाहीत. त्यांनी घरून आपला धुतलेला पांढरा सदरा मागवला आणि तिच्या दोरीवर वाळत घालायला पाठवला. संध्याकाळी तोच सदरा अंगात घालून ते खाणवाल्यांच्या मीटिंगला गेले.

"हें कितें, बाब?" तिथे एकाने विचारलं.

"आमच्या धंद्याचो रंग," दत्ताबाब म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

दुसऱ्या दिवसापासून पहिला ट्रक निघायच्या आधी रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरू लागला. माझं हसणं मात्र मला बरेच दिवस टोचत राहिलं.

दुसरा किस्सा राजभाषेच्या वादातला. कोंकणी की मराठी, यावरून बाजारातल्या हॉटेलात सख्खे भाऊ वेगवेगळ्या टेबलांवर बसत होते. आमच्याकडे सुरुंगाची नोटीस इंग्रजीत टाइप करून आंब्याच्या झाडाला डकवायची पद्धत. ती वाचणारा पायथ्याच्या वाडीत एकही नाही. नाईकांनी जपून विचारलं, "बाब, आता नोटीस कुठल्या भाषेत काढू?"

"तोंडान सांग. दारादाराक वच."

नाईक बिचारे भर उन्हात घरोघर फिरले. अकरा घरी त्यांना चहा मिळाला. बाराव्या घरी, म्हणजे रुक्मिणीकडे, चहा नाही. तिने त्यांना भिंतीतली चीर दाखवली, तिच्यात स्वतःची बोटं घालून दाखवली आणि म्हणाली, "आतां तुमी घालून पळयात." पुढचा सुरुंग निम्म्या दारूचा लागला, आणि तो हुकूम मालकांचा नव्हता, नाईकांचा होता.

दहावीच्या परीक्षेचं केंद्र असलेली शाळा नेमकी ट्रकच्या रस्त्यावर. पहिल्या पेपरापासून दत्ताबाबांनी पेपराच्या वेळेत सगळे ट्रक उभे केले. दोडामार्गचे ड्रायव्हर खूश, गाडीच्या सावलीत ताणून दिली. नाईकांचा जीव मात्र नदीच्या धक्क्यावर खनिजासाठी थांबलेल्या बार्जमध्ये अडकलेला.

"बाब, बार्ज भरती धरून सुटायची आहे. भरती आमच्यासाठी थांबते काय?"

"भरती दिसाक दोनदां येता," दत्ताबाब म्हणाले. "परीक्षा वर्साक एकदां."

माझ्या रजिस्टरात त्या आठवड्यात रोज दहा ते एक कोरं आहे. इतकं चांगलं काम मी त्या रजिस्टरात दुसरं केलेलं नाही.

त्याच शाळेचं छप्पर दत्ताबाबांनी नवीन घातलं. मास्तरांनी देणगीदाराच्या नावाचा बोर्ड रंगवून आणला. दत्ताबाब म्हणाले, "पावसाळा जाऊ द्या. गळलं नाही तर लावू." पावसाळा गेला. छप्पर गळलं नाही. मास्तरांनी आठवण केली तर म्हणाले, "एकच पावसाळो जालो मरे!" असे कितीतरी पावसाळे गेले.

पण खरा किस्सा हा. भूगर्भवाल्या साहेबांनी सांगितलं की उत्तम खनिज आहे ते रुक्मिणीच्या झरीच्या वरच्या टेकडीत. कागदपत्रं चोख, कायदा आमच्या बाजूने. पण टेकडी फोडली की झर आटणार. रुक्मिण पिण्याचं पाणी त्याच झरीवर भरायची, कुळागरही झरीवरच.

"देवाक विचारूंया," दत्ताबाब म्हणाले.

आमच्याकडे नवी जागा फोडायच्या आधी देवाचा प्रसाद घेतात. मूर्तीवर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात आम्ही सगळे उभे. रुक्मिण खांबाला टेकून, पदराचा शेव मुठीत. भटजींनी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पडली.

रुक्मिणीने देवाला हात जोडले आणि कोणाकडे न बघता ती निघून गेली. मला देवाचा राग आला. असा राग त्याआधी कधी आला नव्हता.

बाहेर येताच नाईक म्हणाले, "तर सोमवारी मशीन चढवूया?"

"ना," दत्ताबाब म्हणाले. "ती टेकडी फोडची ना."

"बाब, देवान उजवो प्रसाद दिलो!"

दत्ताबाब वाकून चपला घालत होते.

"देवाचें उदक भट भरता," ते म्हणाले. "रुक्मिण आपलें आपूण भरता."