तुतीखालचा कोच

आमच्या भिंगरीला शोधायचं असेल तर घरात हाका मारून घसा कोरडा करण्यात अर्थ नसे. सरळ मागच्या अंगणात जायचं आणि तुतीच्या झाडाकडे मान वर करून ओरडायचं. पानांतून आधी जांभळी जीभ बाहेर येई, मग बाकीची भिंगरी. ही माझी धाकटी बहीण. एका जागी बसणं माहीतच नाही, म्हणून हे नाव पडलं. झाडावर मात्र ती अख्खी दुपार हलत नसे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अंगणाला लागूनच बाबांचं दुकान. बाबा जुने कोच आणि खुर्च्या नव्यानं भरून, शिवून देत. तुतीचं आणि त्यांचं हाडवैर. पिकलेलं फळ कुणाच्या नव्याकोऱ्या कापडावर पडलं की त्यांचा पारा चढे. "एक दिवस हे झाड मी मुळासकट उपटणार आहे!" असं ते दर उन्हाळ्यात म्हणत आणि जेवण झालं की त्याच झाडाखाली डुलकी काढत.

भिंगरीचा सगळा गोतावळा त्या झाडावर. वरच्या ढोलीत घुबडाचं जोडपं होतं. त्यांना ती आजी-आजोबा म्हणे, कारण ते दिवसभर डोळे मिटून बसत आणि तरी त्यांना सगळं ऐकू जाई. एक सरडा होता, तो तिच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवी. घरात तिला इतका मान देणारं कुणी नव्हतं, हेही खरं. पण जिवाभावाची मैत्रीण म्हणजे बांडी खार. अर्धी शेपटी कुठंतरी गमावून बसलेली, भारी आगाऊ. दुकानातला कापूस तोंडात कोंबून ती बाबांच्या नाकासमोरून पळे. बाबा पायातली चप्पल भिरकावत. ती चप्पल बांडीला कधी लागली नाही, मला दोनदा लागली.

भिंगरीच्या शब्दाला मात्र आमच्याकडे काडीची किंमत नव्हती आणि त्याला कारणं होती. एकदा ती "साप! साप!" म्हणून किंचाळली. अर्धी गल्ली काठ्या घेऊन धावली, तर फांदीला बाबांचीच सुतळी लटकत होती. नंतर एकदा घुबडाचं पिल्लू पडलं म्हणून रडून आकांत केला. बघतो तर माझा हरवलेला लोकरी मोजा. तेव्हापासून बाबा म्हणत, "हिचं ऐकत बसलो तर धंदा बसेल."

अशात दातांच्या डॉक्टरांचा कोच आला. दवाखान्यात पेशंटांना बसायला. बाबांनी तो छान भरला. खाली स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर कापूस. त्यांची एक पद्धत होती. पाठीमागचं कापड ते शेवटपर्यंत लावत नसत. कोच तसाच उघडा तुतीखाली ऊन-वारा खायला ठेवत, म्हणजे आतली ओल निघून जाते. या खेपेला मागचं कापडच लवकर मिळेना, म्हणून कोच जरा जास्तच दिवस बाहेर राहिला. अखेर कापड आलं. बाबांनी सकाळीच दाभण घेऊन पाठ शिवून टाकली. डॉक्टर स्वतः टेम्पो घेऊन आले. ड्रायव्हरनं आणि बाबांनी कोच दोन्हीकडून उचलला.

आणि तुतीवर कालवा सुरू झाला. बांडी खोडावरून खाली उतरे, अर्धी शेपटी झटकत चिरकं ओरडे, पुन्हा वर पळे. एवढी माणसं, टेम्पोचा धूर, तरी ती लांब जाईना.

भिंगरी झाडावरून अक्षरशः घसरत खाली आली आणि कोचाला आडवी गेली.

"बाबा, खाली ठेवा! आत पिल्लं आहेत!"

"झालं हिचं सुरू," मी म्हणाले.

"सरक बाजूला," बाबा म्हणाले. "डॉक्टरसाहेब खोळंबलेत."

"ती झाडाकडे बघून नाही ओरडत, बाबा. कोचाकडे बघून ओरडतेय. साप आला की ती वर पळते, मांजर आलं की वर पळते. आज खाली येतेय. बघा ना!"

"आणि मोजा निघाला तर?" बाबांनी विचारलं.

भिंगरीचा चेहरा पडला. ती रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. "मोजा निघाला तर मी परत कधी झाडावर चढणार नाही," ती म्हणाली.

झाडावर न चढणारी भिंगरी कशी असते, ते आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. आता सांगते, त्या क्षणी आत पिल्लं असावीत म्हणून मी मनातून हात जोडले. बाबांनी कोच खाली ठेवला. आपली शिवण स्वतः उसवणं त्यांना जिवावर येई. गिऱ्हाइकानं नावं ठेवली तरी ते हुज्जत घालत. आज त्यांनी मुकाट्यानं कात्री घेतली आणि टराटरा टाके कापले.

काथ्याच्या वाटीत, आमच्याच कापसात गुरफटलेली, डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं वळवळत होती.

"अगं आई गं!" हे दातांचे डॉक्टर.

बाबांनी आम्हाला भिंतीपाशी पिटाळलं. बांडी आली. एक पिल्लू तोंडात धरलं आणि तुतीच्या खालच्या ढोलीत नेलं. परत आली, दुसरं नेलं. टेम्पोवाल्यानं गाडी बंद केली. दवाखान्यातून फोन आला तसे डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, "बसू दे पेशंटांना. आत यायची घाई तशी कुणालाच नसते." शेवटचं पिल्लू गेलं तेव्हा भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिला उचलून थेट पहिल्या फांदीवर बसवलं. मला कुणी बसवलं नाही, पण मी इतकी खूश होते की ते रात्री लक्षात आलं.

पुढं प्रत्येक पाठ शिवण्याआधी बाबा अंगणात येऊन विचारू लागले, "भिंगरे, लावू का गं?" ती कोचाला कान लावी, उगाच गंभीर होई आणि म्हणे, "लावा."

आता दुकान भिंगरी चालवते. गुडघे कुरकुरतात, तरी तुती पिकली की ती वर चढतेच. बाबा थकलेत, झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या कानांशी ढोल बडवला तरी कळत नाही. भिंगरी कोच बाहेर आणते, आत खांद्यापर्यंत हात घालून कोपरान् कोपरा चाचपून घेते. मग बाबांपुढे वाकून खुणेनं विचारते, "बाबा, लावू का?"

बाबा कोचाला कान लावतात. बराच वेळ ऐकतात. भिंगरी दाभण हातात धरून थांबते.

"लाव," ते म्हणतात.