मागच्या चाकाचा आऊट

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात उलट्या सायकलजवळ बसलो होतो. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. ती पोत्यावर, मी पाटावर. ती मागचं चाक हातानं फिरवायची आणि बघायची, मी चावी धरून वाट पाहायचो. चाक वाकडं असलं का फिरताना डुलते, त्याला सायकलवाले आऊट म्हणतात. आऊट काढायचा म्हणजे रिम ज्या जागी ब्रेकच्या रबराला घासते तिथला स्पोक चावीनं जरासा कसायचा. अवघड काही नाही, पण नजर पाहिजे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रिम आणि रबरामधली केसाएवढी फट मला दिसत नाही. तिला दिसायची.

"थांबा. इथं घासून राहिलं."

"कोणता स्पोक?"

"हा."

"हा म्हणजे कोणता?"

"माझं बोट आहे तो. बोट तरी दिसते का तुम्हाले?"

मी हात नेईपर्यंत चाक हलायचं आणि जागा हरवायची. मग ती आत गेली आणि शिलाई मशीनवरचा लाल धागा घेऊन आली. जिथं घासते त्या स्पोकला तिनं धाग्याची गाठ मारायची. मी बोटानं चाचपून गाठ शोधायची आणि स्पोक कसायचा. तिनं पुन्हा फिरवून पाहायचं, बरोबर झालं का गाठ सोडायची. असं चाललं बराच वेळ.

"जरासा म्हटलं मी. तुम्ही तर रेल्वेच्या डब्याचा नट कसल्यावानी कसून राहिले."

"आयुष्यभर तेच कसले."

"मंग डब्यातच बसायचं होतं. याच्यावर मले बसायचं आहे."

कुकरची शिट्टी झाली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. म्हणाली, "बाकीचं उद्या. गाठी राहू द्या तशाच."

तीन गाठी राहिल्या होत्या. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला झोपेतच हृदय बंद पडलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्याच्या घरी झालं त्याला माहीत आहे, ज्याच्या घरी नाही झालं त्याला सांगून समजत नाही.

सायकल आमच्या पोराची. जाड टायर, गिअर, लोखंडी फ्रेम, एकट्यानं उचलली तर कंबर धरते. कॉलेजात गेला तेव्हा हट्ट करून घेतली होती. तेव्हा आमच्या पाऱ्यात, इकडच्या हिंदीत मोहल्ल्याला पारा म्हणतात, गिअरची सायकल दुसऱ्या कोणाकडे नव्हती. पोट्टे नुसते गिअर दाबून पाहायला यायचे. मग पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिकडेच लग्न केलं, घर घेतलं. सायकल शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. दर दिवाळीला तो म्हणायचा, बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका. मी म्हणायचो, देतो. देत नव्हतो.

मग हिचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टरनं सांगितलं सायकल चालवा, चालण्यापेक्षा बरं. ती एकदा तेलीबांध्याच्या तलावाकडे एका लग्नाला गेली होती. तिथं तिच्या वयाच्या बाया सायकलवर फिरताना पाहून आली. घरी येऊन मला म्हणाली, "पोराची सायकल काढा. मले शिकवा."

मी हसलो. "या वयात? आन् साडीवर? मधात दांडा आहे त्याच्या."

"पंजाबी ड्रेस शिवीन. आन् हसता काहून? तुम्हाले या वयात पोहे करता येत नाही, मी हसते का?"

"हसते ना."

"हव, हसते. पण खाऊ घालते."

तर असं ते काम सुरू झालं. मी जास्त शिकलो नाही, पण लोखंडाशी माझं जमते. घासलेटात चिंध्या बुडवून गंज काढला. पेडलच्या मधल्या भागातल्या बेअरिंगच्या गोळ्या पार झिजल्या होत्या, नव्या टाकल्या, ग्रीस भरलं. मागं साखळीसाठी जास्त दात्यांचं नवं फ्रीव्हील बसवलं, म्हणजे चढावर तिला जोर लागू नये. हँडल उंच केलं. सीट रुंद घेतली आणि तिच्या मापानं खाली बसवली. जुने ब्रेक काढून नव्या तऱ्हेचे लावले, त्यांचे तार तेवढे ओढायचे राहिले होते. तिनं ड्रेससाठी गोल बाजारातून निळं कापड आणलं. चाकाचा आऊट निघाला, ब्रेक लागले, का ती बसणार होती.

ती गेली त्या दिवशी अंगणात माणसं बसायची म्हणून शेजाऱ्यांनी सायकल उचलून शेडमध्ये नेली. जागा कमी पडली म्हणून मागचं चाक काढून खिळ्याला टांगलं.

पोरगा आणि सून आले. जलदानविधी झाला, भंतेजी येऊन गेले. बाया साड्यांचं विचारायला लागल्या, मी सगळ्या देऊन टाकल्या. शिलाई मशीन शेजारच्या दीदीच्या पोरीला दिली. निळं कापडही दिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. साडी दुकानात मिळते, मशीन कारखान्यात होते. पण त्या तीन गाठी तिच्या हातच्या होत्या, आणि ते काम तिनं अर्धं ठेवलं होतं. मला डोळ्यांचीही गरज नव्हती. गाठ बोटाला लागते, तो स्पोक कसायचा, मोकळं व्हायचं. पण स्पोक कसला का गाठ सोडावी लागते.

मी सोडत नव्हतो. रोज चार वाजता शेडमध्ये जायचो, चाक मांडीवर घ्यायचो, गाठींवरून बोट फिरवायचो, पुन्हा खिळ्याला टांगायचो. ते चाक तसंच राहावं एवढंच मला पाहिजे होतं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? म्हातारा धाग्याजवळ बसतो म्हणून लोकं हसतील.

पोरगा पुण्याला परत जाणार त्याच्या आदल्या दिवशी मी दुपारी झोपलो होतो. उठून शेडमध्ये गेलो तर खिळा रिकामा. तेवढ्यात गेटाशी ऑटो थांबला. पोरगा उतरला, हातात चाक.

"देखो बाबा!" तो खूश होता. "तेलीबांध्याला मोठं दुकान झालं आहे, मशीनवर करून देतात. एकदम सीधा. फिरवून पाहा."

मी चाक घेतलं. स्पोकवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. पुन्हा फिरवलं.

"याच्यावर धागे होते."

"धागे? हां, वो... त्यानं कापून फेकले. धुऊन पण दिलं."

"तुले कोणी सांगितलं होतं?"

"बाबा, तुम्ही रोज घेऊन बसता. मला वाटलं तुमच्यानं होत नाही आहे."

"तुह्या मायच्या हातच्या गाठी होत्या त्या. कापून आला तू. पुण्यावरून काय कापायलेच आला होता का?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. पोराचं तोंड उतरलं. चाळिशीचा माणूस, पण लहानपणी शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा असाच उभा राहायचा.

"तुम्ही बोलले का मला?" तो म्हणाला. "आल्यापासून तुम्ही माझ्यासंग बसले नाही एक दिवस. जेवता आणि शेडमध्ये जाता. माझी पण आई होती ना ती."

मी चाक नेऊन पुन्हा खिळ्याला टांगलं. सून म्हणाली, "बाबा, चहा ठेवलाय." कोणी प्यायला गेलं नाही. रात्री तिघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत बॅगा भरणं चालू होतं. मी सायकल अंगणात काढली, उलटी केली, चाक बसवलं आणि फिरवलं. चाक कुठं घासत नव्हतं. चांगलं काम केलं होतं दुकानवाल्यानं, खोटं काहून बोलू. मग मी पोराला हाक मारली.

"काय बाबा?"

"ब्रेकचा तार ओढायचा आहे. एकट्याले तीन हात लागतात त्याले."

त्यानं पँट वर ओढली आणि खाली बसला. मी म्हटलं दोन्ही बाजूचं रबर रिमला दाबून धर. त्यानं धरलं. मी पकडीनं तार ओढला आणि नट कसला. हँडलवरची दांडी दाबली तर ब्रेक बरोबर लागला.

"अजून थोडा ढिला पाहिजे का?" त्यानं विचारलं.

"तू पाहा. मले दिसत नाही."

त्यानं मान वाकवून पाहिलं, बराच वेळ. "राहू द्या. ठीक आहे."

"मोतीबिंदू काढायचा आहे," मी म्हटलं. "दवाखान्यात विचारतात, संग कोण येणार."

"मी येतो. तारीख सांगा."

"सांगतो."

गेटाशी ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला. सून बॅगा घेऊन निघाली, माझ्या पाया पडली. पोराच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस लागलं होतं. धुवायला वेळ नव्हता. त्यानं मनगटानंच माझ्या खांद्याला धरलं आणि गेला.

ऑटो गल्लीच्या टोकाला वळला. मी गेट लावून आत आलो. पुढचा ब्रेक राहिला होता. पाटावर बसलो, एका हातानं दोन्ही रबरं दाबली, तार दातात धरून मान मागं ओढली आणि दुसऱ्या हातानं नट कसला.