तो डाग हलतोय का?

कॅप्टन थॅडियस मॉक्सी यांस,

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. नातीकडून वाचून घ्याल आणि दोन ओळी झाल्या की "पुरे" म्हणाल. म्हणून केझाया, तुला आधीच सांगते: आजोबा काहीही म्हणोत, तू वाचत राहा.

"तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत" असं लिहीत बसले तर फिर्याद होईल, आणि मला फिर्याद करायची नाही. तुमची गोष्ट मी तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. गोष्टीत तुम्हाला अरे-तुरे होईल, राग मानू नका. मी जिथं येते तिथं मलाही ओरली फर्ग्युसन म्हणूनच ठेवलंय. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलंत. त्यात काही चुकलं असेल तर समोर येऊन सांगा.

थॅडियस एक्झुमातल्या ब्लॅक पॉइंट गावचा. वय बहात्तर, अंगानं काटकुळा, डोक्यावर वेताची टोपी. त्याचं काम एकच: बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभं राहून पाणी वाचायचं. आमच्याकडं समुद्र मैलोन् मैल उथळ असतो आणि तळातून प्रवाळाचे खडक कुठंही वर आलेले असतात. यंत्र बोटीच्या पोटाखालचं पाणी किती ते सांगतं, पुढं काय आहे ते सांगत नाही. ते रंगावरून ओळखायचं. थॅडियस हात उजवीकडं करी, बोट उजवीकडं वळे. डावीकडं करी, डावीकडं. पंजा उभा केला की थांबायचं. पन्नास वर्षांत त्यानं नेलेली एकही बोट खडकाला घासली नव्हती. ब्लॅक पॉइंटच्या चर्चमध्ये पाद्री स्वतः पुढं येऊन त्याच्याशी हात मिळवत, ते एवढ्यासाठीच.

नसाउचे दाताचे डॉक्टर कार्लाइल बेथेल यांची स्वतःची मोटर यॉट होती. बायकोच्या नावावरून तिचं नाव 'लेडी युनिस'. दर मार्चमध्ये ते मित्रमंडळी घेऊन एक्झुमाच्या बेटाबेटांतून आठवडाभर भटकत, आणि दर वर्षी थॅडियसला बोलावून घेत. तो त्यांचा नोकर नव्हता. त्यांच्याच टेबलावर जेवायचा, त्यांच्याच पत्त्यांत हरायचा. सगळे त्याला कॅप म्हणत.

त्या मार्चमध्ये बोटीवर पाच माणसं होती: कार्लाइल, युनिस, त्यांचा विमावाला मित्र वेंडेल पिंडर, युनिसची शाळेपासूनची मैत्रीण ओरली, आणि थॅडियस. पाचांपैकी चौघांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून थॅडियसच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता.

आधी दिव्यांना दाढ्या फुटल्या. मग पाण्यातला हिरवा गेला, मग निळा. आता सगळं पाणी त्याला कळकट पितळेसारखं दिसे. सकाळी सूर्य पाठीशी असला तर फिकं-गडद एवढं कळे. बाकीचं तो पन्नास वर्षांच्या सवयीवर, वाऱ्यावर आणि लाटेच्या आवाजावर भागवी. डॉक्टरकडं गेला नाही. त्याच्या काकांचे डोळे कापले होते ते पट्ट्या बांधून घरी आले, आणि मरेपर्यंत काठी हातातून सुटली नाही. आहे तेवढा उजेडसुद्धा जाईल या भीतीनं थॅडियस गप्प राहिला. चाचपडायची वेळ आली की म्हणायचा, "आज नको, उद्या जाऊ." पाणी वाचणाऱ्यानं उद्या म्हटलं की उद्या. त्यावर कुणी वाद घालत नाही.

परतीच्या दिवशी ॲलन्स बेटाजवळून सकाळी दहाला निघायचं ठरलं होतं. वाटेत यलो बँक नावाचा उथळ पट्टा लागतो, खडकांनी भरलेला. तो सूर्य डोक्यावर असतानाच पार करायचा. पण वेंडेलच्या गळाला मासा लागेना, युनिसचा डफ, म्हणजे पेरू भरलेला गोड उंडा, उकडून होईना. मग तुरीच्या दाण्यांचा भात, तळलेला मासा, डफ, डफवर रमचा रस. दोन वाजले.

"काय कॅप, निघायचं?" कार्लाइलनं विचारलं. "की उद्या?"

उद्या, हेच बरोबर उत्तर होतं. ब्लॅक पॉइंटमधलं शेंबडं पोरही उद्या म्हणालं असतं. दोननंतर पश्चिमेला जायचं म्हणजे सूर्य तोंडावर येणार. पण थॅडियसनं तोंड उघडायच्या आत वेंडेल बोलला.

"उद्याच! कॅप हल्ली उन्हाला बायकोपेक्षा जास्त घाबरतो. या आठवड्यातलं तिसरं उद्या आहे हे. मोजतोय मी."

सगळे हसले. युनिससुद्धा हसली. थॅडियसला वाटलं, हा मोजतोय. मोजता मोजता याच्या लक्षात येईल.

"निघू," तो म्हणाला.

यलो बँकवर शिरले तेव्हा सव्वातीन वाजले होते. कार्लाइल वर सुकाणूवर, त्याचे डोळे थॅडियसच्या हातावर. थॅडियस नाळेवर, कठडा धरून. समोर नुसता चकाकणारा पडदा, तुपकट काचेतून दिवा बघावा तसा. त्यानं वेग कमी करायची खूण केली. इंजिनाचा आवाज खाली आला. पहिले खडक इथंच कुठंतरी असायचे. डावीकडं? की ते मागं गेले? त्यानं नुसताच, काहीही न दिसता, हात किंचित उजवीकडं केला. बोट आज्ञाधारकपणे उजवीकडं वळली. तिचं ते वळणं त्याला पायाखाली जाणवलं. म्हणजे मी काहीही सांगितलं तरी हे लोक ऐकणार.

मागून चपला वाजल्या. ओरली फर्ग्युसन लिंबाचं सरबत घेऊन आली आणि दोरांच्या वेटोळ्यावर बसली. ही बाई जमैकात कॉलेज करून आलेली, चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण आणि कापड शिकवलेलं. पाण्याचं तिला काही कळत नव्हतं.

"काय एकेक रंग आहेत हो," ती म्हणाली. "असा ताका दुकानात आला तर मी घर विकेन."

थॅडियसनं बुडत्या माणसानं दोर धरावा तसं ते वाक्य धरलं.

"मिस ओरली, तुम्ही कापडाच्या जाणकार. एक गंमत करू. समोरच्या पाण्याला कुठलं कापड म्हणाल?"

"समोर? बाप्तिस्म्याच्या झग्याचं. पांढरं, त्यात थेंबभर नीळ."

वाळू, आणि फार उथळ. त्यानं हात डावीकडं केला. "आता?"

"कोवळा हिरवा. मुलींच्या रविवारच्या फ्रॉकचा."

हे चांगलं पाणी. हात सरळ. "आणि उजवीकडं?"

"बाटलीचा हिरवा, कडा विरलेल्या. मखमलीवर हात फिरवल्यासारखा."

ते गवत. त्याची भीती नाही. दहा मिनिटं असंच चाललं. ओरलीला खेळ आवडला होता. रंग सांगायला ती एक क्षण घेत नव्हती. वरून वेंडेल ओरडला, "कॅप, मिस ओरलीला मागणी घालतोयस की काय? हळू बोल, आम्हालाही ऐकू दे!"

"तुला नाही घातली कुणी, म्हणून जळतोस!" ओरलीनं उलट सुनावलं आणि सरबताचा ग्लास थॅडियसपुढं धरला.

तो घेईना.

"ग्लास धरलाय, कॅप्टन."

त्यानं हात पुढं केला, तो ग्लासाच्या वीतभर बाजूला. ओरलीनं ग्लास हळूच सरकवला. हात पुन्हा चुकला.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

"हळू."

"कितपत दिसतं?"

"तुमचं नाक कुठं आहे ते कळतं. त्यावर चष्मा आहे की नाही ते कळत नाही."

ओरली उठली. थॅडियसनं अंदाजानं तिची बाही पकडली. या वेळी हात चुकला नाही.

"मिस ओरली, आता ओरडलात तर कार्लाइल घाबरून बोट फिरवेल. फिरायला जागा कुठं आहे ते मलाही ठाऊक नाही. आपण मधोमध आहोत. आधी रंग सांगा. शिव्या नंतर द्या."

ती खाली बसली. मघाशी जे सुंदर कापड होतं त्याच्यावर आता पाच जणांचा जीव होता, आणि ते वाचायचं होतं तिला.

"कोवळा हिरवा," ती म्हणाली. "कोवळा हिरवा. डावीकडं झग्याचा पांढरा. थोडं उजवीकडं घ्या. अजून. बस."

"घाई नको. दिसतं तेवढंच सांगा."

"तपकिरी!" तिचा आवाज चिरकला. "समोर तपकिरी डाग. चहाचा चोथा. जेवणाच्या टेबलाएवढा."

"किती लांब?"

"मला लांबी कळत नाही! चर्चच्या दारापासून व्यासपीठ असतं तेवढं."

"वर ढग आहेत?"

"आहेत. कापसाचे, सुटे सुटे."

ढगाची सावली आणि खडक, दोन्ही पाण्यावर तपकिरीच दिसतात. थॅडियस पन्नास वर्षं ते नजरेनं वेगळं करत आला होता. सावलीला घाबरून वळावं तर बाजूला खरा खडक असू शकतो. सावली समजून सरळ जावं तर...

"तो डाग हलतोय का?"

ओरलीनं पापणी न लववता पाहिलं. "हलतोय," ती म्हणाली. "हो, हलतोय!"

थॅडियसचा श्वास सुटला. त्यानं हात सरळ पुढं केला. चला. वर इंजिनानं थोडा जोर धरला. मग केवळ जुन्या सवयीनं, नवशिक्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "कुठं हलतोय?"

"आपल्याकडं."

वारा पाठीमागचा होता. ढगाची सावली बोटीच्या पुढं पळायला हवी होती. आपल्याकडं येते ती एकच गोष्ट: जी जागची हलत नाही आणि जिच्यावर आपण चाललेलो असतो.

त्यानं पंजा उभा केला. एक नाही, दोन्ही हात. "थांब! कार्लाइल, मागं!"

इंजिनं उलटी फिरली. सगळी बोट अंगात आल्यासारखी थरथरली, आत काचा फुटल्या, युनिस किंचाळली. ओरली कठड्यावर आदळली आणि खाली वाकून बघत राहिली. नाळेपासून माणूसभर अंतरावर, पाण्याखाली हातभर, पिवळट तपकिरी खडक होता. त्याच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे आत-बाहेर करत होते. बोट मागं सरकली. इंजिन बंद झालं.

"नांगर टाक," थॅडियस म्हणाला.

सगळे नाळेवर जमले. कार्लाइलचा चेहरा पांढराफटक. "कॅप, सरळ म्हणालास. तू सरळ म्हणालास!"

ओरलीनं तोंड उघडलं.

"मिस ओरली, थांबा," थॅडियस म्हणाला. "माझं मी सांगतो." त्यानं टोपी काढली. "कार्लाइल, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आज रंग या बाईंनी सांगितले. चूक त्यांची नाही. काय विचारायचं ते मी चुकलो."



"दोन वर्षं?" युनिस म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "गेल्या ईस्टरला माझी नातवंडं होती या बोटीवर. धाकटं इथंच, तुझ्या पायाशी बसलं होतं. तुझी टोपी घालून."

थॅडियसनं मान हलवली. त्याला ते आठवत होतं. त्या दिवशी परत गेल्यावर तो चर्चमध्ये जाऊन दोन तास बसला होता, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही.

रात्र तिथंच काढली. पत्ते कुणी काढले नाहीत. सकाळी साडेदहाला, सूर्य पाठीशी घेऊन, नांगर उचलला. नाळेवर ओरली आणि वेंडेल, मध्ये खुर्चीवर थॅडियस. दोघं रंग सांगत होते, तो विचारत होता: कडा कशा? वाऱ्याबरोबर जातोय की उलटा? वेंडेलनं त्या अख्ख्या सकाळी एकही विनोद केला नाही. एकदा सावलीलाच खडक म्हणून त्यानं बोट थांबवली, तर थॅडियस म्हणाला, "शाब्बास. असंच घाबरत जा." दुपारी सगळे नसाउला पोचले.

इथपर्यंत गोष्ट. आता पुन्हा तुमच्याशी बोलते, कॅप्टन.

धक्क्यावर तुम्ही मला म्हणालात की तुम्ही यापुढं नाळेवर उभे राहणार नाही, केझायाला शिकवणार. तिच्यासाठी मी एक पुठ्ठा करून द्यावा, त्यावर पाण्याच्या रंगांचे कापडाचे तुकडे शिवून. मी म्हटलं, आधी ऑपरेशन. तुम्ही म्हणालात, आधी पुठ्ठा. भर धक्क्यावर दोन म्हातारी माणसं भांडली, टपालाच्या बोटीवरचे हमाल हसत होते. शेवटी ठरलं: मंगळवारी साडेनऊ, डोळ्यांचा दवाखाना. दारात मी पुठ्ठा देणार, तुम्ही आत जाणार.

मी सव्वानऊला पोचले. झग्याचा पांढरा, फ्रॉकचा हिरवा, मखमलीचा हिरवा, सगळे शिवले होते. तपकिरी मात्र नसाउच्या चार दुकानांत मनासारखा मिळाला नाही. तुमच्या नावानं दोनदा पुकारा झाला. तुम्ही सोमवारच्याच बोटीनं घरी गेल्याचं मला अकरा वाजता कळलं.

टपालाची बोट ब्लॅक पॉइंटला दर आठवड्याला जाते. पुठ्ठा तिच्यावरून पाठवता आला असता. पाठवला नाही; तो मिळणार ठरल्याप्रमाणे दवाखान्याच्या दारातच. माझ्या शिवणाच्या खणात आहे, मधली तपकिरीची चौकट मोकळी ठेवून.