वहिनीचं रक्त कुठं गेलं

पणदऱ्यात आमची दीड एकर भाजी. पाण्याची दारं धरणं, भांगलण, तोडणी सगळं वहिनीच्या अंगावर. भाऊ ट्रॅक्टर चालवायचा, मी बारामती एमआयडीसीत कामाला, वडील, म्हणजे तात्या, थकलेले.

त्या वर्षी वहिनी हळूहळू मंदावली. कळशी खाली ठेवून उंबऱ्यावरच बसायची. चुलीची माती खरवडून खाताना मी तिला पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही. डबा उशिरा झाला की चिडायचो. एकदा म्हणालोसुद्धा, की तुम्हाला कामाचा कंटाळा आलाय.

पंचमीला ती इंदापूरजवळ माहेरी गेली आणि अंगणात चक्कर येऊन पडली. माहेरच्यांनी तिला तिथल्याच दवाखान्यात नेलं; भाऊ बाहेरगावी, म्हणून निरोप मिळताच मीच मोटारसायकल काढली.

दवाखान्यात ती पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत लाली नव्हतीच. रक्त आणि शौच तपासून झालं होतं. त्या म्हणाल्या, जंतांची अंडी शौचातून मातीत पडतात, मग हे बारीक जंत ओल्या मातीतून अनवाणी तळव्याची कातडी भेदून शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रोज थोडं थोडं रक्त पितात. रक्ताबरोबर लोह जातं, मग नवं रक्त बनत नाही. माती खावीशी वाटते तीही बहुतेक त्यामुळंच. मग त्यांनी विचारलं, घरची माणसं संडासला बाहेर कुठं बसतात?

"भाजीच्या बांधाला," वहिनी हळूच म्हणाली.

घरी संडास होता. पण तात्यांना तो घराला खेटून नको होता, म्हणून त्यात खताची पोती रचलेली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, मी नको ते बोललो."

"मलाबी तसंच वाटत हुतं, भावजी," ती म्हणाली. "मीच आळशी झालीया आसं."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सकाळी पाहतो तर तात्या एकटेच पोती बाहेर ओढत होते. मी हात लावायला गेलो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरीचं रक्त माज्या हट्टापायी गेलं."

दवाखान्यात वहिनीला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, पुढं कित्येक महिने लोहाच्या गोळ्या. जंताची गोळी आम्ही सगळ्यांनीच घेतली. भावानं तिला गमबूट आणले.

तात्या मात्र बरेच दिवस तिच्याकडं नीट बघत नव्हते. शेवटी एकदा तिनंच त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "तात्या, आता दम लागत न्हाय मला."

त्यांनी कप हातात घेतला आणि तिच्याकडं नीट पाहिलं.