कोणचं पान?

हे मी आजवर कुणाजवळच काढलं नाही. मालक गेले, त्यांच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय.

बहात्तरचा दुष्काळ. येडशीच्या डोंगरात चर खोदायचं काम निघालं होतं. मी चार महिन्यांची सून. घरात माझ्याशी कामापुरतंच बोलत. दिवसातून एकदा तरी कुणी माझं नाव घेत होतं का? आठवत नाही.

तिथं खंडूमामा जंगलाचे राखणदार होते. वेळूच्या बेटात एक हिरवा चापडा असायचा — साप, लई विषारी. मूळचा घाटाकडचा, इकडं कसा आला कुणास ठाऊक. दिवसच्या दिवस एका जागी पडून. मामांनी आपल्या पटक्याची चिंधी फाडून त्या बेटाला बांधलेली. "अख्ख्या डोंगरात ह्यो एकच हाय. तुमी त्याच्या वाटंला जाऊ नका, त्यो तुमच्या न्हाय जायचा."

बाया हसायच्या. "मामा, जावई हाय का तुमचा?"

"व्हय, आन् रुसलेला हाय!"

एका दुपारी सावली बघून मी त्या बेटाला टेकले. वेळूचं पान बोटावरून सर्रकन गेलं, रक्त आलं. मी ओरडले, "पान लागलं!"

आमच्याकडं सापाला लांबडं म्हणतात, आणि साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मला ठाऊक नव्हतं? होतं की. पण तोंडातून गेलं ते खरंच पानाचं होतं. इथवर माझी चूक नाही — पुढं आहे.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटी टाकून धावल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं. "माझी बाय गं, माझी बाय!" त्या घरात मायेचा हात पहिल्यांदा लागला मला. माणसं काठ्या घेऊन निघाली. मामा आडवे आले, माझ्याकडं वळले. "सूनबाई, खरं सांग. कोणचं पान?"

वेळूचं — एवढंच म्हणायचं होतं.

मी बोट पदरात गुंडाळलं आणि म्हणाले, "लांबडं."

मामा बाजूला झाले. चापडा पळालासुद्धा नाही. होता तिथंच मेला.

मी जगले म्हणून आत्यांनी नारळ फोडला. आठ दिवस गोड बोलल्या, मग पहिल्यासारखं.

मामांनी चिंधी सोडली नाही. काम संपेपर्यंत रोज त्या बेटाशी वाकून बघायचे. हिरवं काही हललं की थबकायचे —

पान असायचं. वेळूचं.